पाणी मागणारी गाडी

मोटारीविषयी बोलताना माणूस तिला फार काळ यंत्र मानीत नाही. गाडी रुसते, धापा टाकते, चढावर तिचा दम उखडतो, उतारावर तिला मोकळे वाटते. जबलपूरच्या गॅरेजांमधून हिंदी आणि मराठी एकमेकींच्या ओसरीवर सहज येऊन बसतात. तिथे तापणाऱ्या गाडीसाठी एक नेमका शब्दप्रयोग रूढ आहे: गाडी पाणी मागते. रेडिएटरमधली पातळी उतरली, काटा लाल रेषेकडे सरकला, की चालक वैतागून नव्हे, काहीशा मायेने म्हणतो, 'पाणी मागते आहे.' हा प्रयोग ऐकायला गोड आहे, पण त्यात एक सापळा दडलेला आहे. मागणाऱ्याला देणे हा आपल्याकडे धर्म. आणि एकदा दिल्यानंतर ही मागणी मुळात का झाली असे विचारणे जवळजवळ असभ्यपणाचे. एका जुन्या जोंगा गाडीचा आजार कित्येक वर्षे न ओळखला जाण्यात या साध्या क्रियापदाचा वाटा लहान नव्हता.

जोंगा हे नाव आजच्या तरुणांना परके वाटेल. ऐकताना ते एखाद्या रानवाद्याचे नाव असावे असा भास होतो. वस्तुतः 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ते घडले आहे. जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली सुरू झाला. पुढे १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' हे लष्करी ट्रक या शहरात तयार होऊ लागले. १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना आकाराला आला आणि जपानच्या निस्सान कंपनीच्या पॅट्रोल या गाडीच्या धर्तीवर जोंगा बाहेर पडू लागली. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना मिळणारी ताकद, आणि दिसायला कसलीही आर्जवे न करणारा पोलादी देह. लष्करात ती कधी अधिकाऱ्यांची गाडी झाली, कधी रुग्णवाहिका, कधी पाठीवर तोफ वाहणारी. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सेवेतून काढलेल्या कित्येक गाड्या लिलावांतून नागरी हातांत गेल्या. खुद्द कारखानाही आता पूर्वीचा राहिला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि तो एका सरकारी कंपनीचा भाग झाला. ज्या शहराने आपल्या नावाचे पहिले अक्षर या गाडीला दिले, तिथे तिच्याकडे पाहणारी नजर मात्र अजून निराळी आहे. इतरत्र ती मोटार असते. इथे ती माहेरवाशीण असते.

अशीच एक जोंगा हाथीताल भागातल्या एका मराठी घराच्या अंगणात उभी आहे. हे घर जबलपुरातल्या जुन्या मराठी घरांपैकी एक. भोसल्यांचा अंमल इथून १८१७ मध्ये उठला. पण १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूरच होती, आणि कचेऱ्या, शाळा, रेल्वे व कारखाने यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे येत राहिली. या घरातले वडील, ज्यांना सारे नाना म्हणत, कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावातून एक जोंगा घेतली. 'आपल्या हातून गेलेली पोर परत आणली,' असे ते सांगत. ती नेमकी त्यांच्याच हातून गेलेली होती काय, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.

नानांचा एक नेम होता. सकाळी स्नान आटोपले, की तांब्याभर पाणी तुळशीला आणि तांब्याभर जोंगाला. रेडिएटरचे झाकण उघडायचे, आत डोकवायचे, पातळी काठाशी येईपर्यंत धार धरायची. त्या काळी ते पाणी अंगणातल्या विहिरीचे होते. नाना गेल्यावर गाडी आणि नेम दोन्ही त्यांच्या मुलाकडे आले. हा मुलगा संस्कृतचा शिक्षक. अवघी पस्तीस वर्षे त्याने शाळेत रूपे आणि समास घोकून घेतले. जबलपूरच्या रीतीप्रमाणे सारे त्याला 'मास्साब' म्हणत, घरच्या मराठी गोतावळ्यात तो 'मास्तर' झाला. मास्तरांना यंत्राचे ज्ञान नव्हते, पण नेमाचे होते. वडिलांचा तांब्या त्यांनी खाली ठेवला नाही.

गाडी आधी क्वचित पाणी मागे, मग आठवड्याला, मग प्रत्येक लांबच्या फेरीला. मास्तरांनी उपचारांत कसूर केली नाही. पहिल्या कारागिराने रेडिएटर खोलून त्याच्या नळ्या साफ केल्या आणि दोन ठिकाणी डाग दिला. महिनाभर आराम पडला. दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. पुन्हा महिनाभर बरे वाटले. तिसऱ्याने सारे रबरी होजपाइप नवे घातले. चौथ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि 'या मुलखात त्याची गरजच काय' असे म्हणून तो मास्तरांच्या हातात ठेवला. पाचव्याने हेड उतरवून गॅस्केट बदलले, आणि वर्षभराने दुसऱ्या एकाने तेच गॅस्केट पुन्हा बदलले. यांतला एकही माणूस लबाड नव्हता. प्रत्येकाने जो भाग दोषी धरला, तो दोषी असू शकला असता. प्रत्येक वेळी थोडा आराम पडला, आणि प्रत्येक वेळी तो आराम म्हणजेच निदानाचा पुरावा मानला गेला.

मग कुरईचा घाट आला. जबलपूर-नागपूर हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांचा रस्ता मध्य प्रांतातल्या मराठी माणसाच्या पायाखालचा. लखनादौन, छपारा, सिवनी, मग कुरईचा घाट उतरून खवासा आणि देवलापार. जाताना हा घाट उतरणीचा, येताना चढणीचा. मास्तरांची लेक नागपूरची. एका मे महिन्यात तिला आणि तिच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन मास्तर जबलपूरला परतत होते. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि घाटाच्या मध्यावर काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडले. गाडी पाणी मागत होती, आणि मास्तरांच्या अंगात वडिलांचा नेम होता. ओल्या फडक्याने त्यांनी झाकण फिरवले.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते. ते आतल्या पाण्यावर दाब राखते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच; उघड्या भांड्यात तिथे पाणी शंभर अंशांच्या जरा अलीकडेच उकळते. पण दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो इतका जादा दाब असला, तर तेच पाणी शंभराच्या पुढे दहाएक अंश जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून तापलेल्या इंजिनातले पाणी हे उकळू न दिलेले पाणी असते. झाकण सुटताच दाब जातो, आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन उसळतो. मास्तरांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. नातू दोन पावले मागे उभा होता. ही दोन पावले पुढे कित्येक रात्री मास्तरांच्या झोपेत येत राहिली.

घरात निवाडा झाला. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, 'बाबा, आता पुरे. नानांची आठवण म्हणून भिंतीवर फोटो आहे की.' लेक काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे अधिक जड होते. मास्तरांनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. खंडेनवमीला गाडीची शेवटची पूजा होईल. तोवर आजार सापडला नाही, तर गाडी भंगारात जाईल.

रांझीला एक जुने फिटर राहतात. वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे बुंदेलखंडी. नानांच्या हाताखाली उमेदवारी केलेली. आता ते दुकान चालवीत नाहीत. घरासमोरच्या कडुनिंबाखाली बाज टाकून बसतात, आणि कुणी विचारले तर सांगतात. आजूबाजूचे त्यांना उस्ताद म्हणतात. मास्तर पट्टी बांधलेला हात घेऊन तिथे गेले आणि आजवरच्या उपचारांची कथा त्यांनी साद्यंत सांगितली. शेवटी म्हणाले, 'उस्ताद, एवढे सारे झाले, तरी पाणी जाते कुठे हेच कळत नाही.'

उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. ते म्हणाले, 'मास्साब, पानी कहाँ जाता है, ये बाद में। पहले बताइए, कब जाता है?'

मास्तरांकडे उत्तर नव्हते. दहा वर्षे त्यांनी पाणी घातले होते, पण किती घातले आणि कशानंतर घातले, याची एक ओळही लिहून ठेवली नव्हती. उस्तादांनी त्यांना एक वही करायला सांगितले. खुणा केलेल्या बाटलीने मोजल्याशिवाय थेंब घालायचा नाही, तांब्या बंद; आणि झाकण फक्त सकाळी, इंजिन थंड असतानाच उघडायचे. तारीख, अंतर, चढ, किती वेळ चालली, किती वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी किती उतरली, एवढेच लिहायचे.

तीन आठवड्यांची ती वही साध्या निळ्या शाईत लिहिलेली आहे. रात्रभर उभी: काही नाही. बाजार, चार किलोमीटर: काही नाही. शाळेपर्यंत, दोनदा: काही नाही. भेडाघाट, जाऊन-येऊन: पाव लिटर. बरगीच्या बाजूला, चढ, न थांबता: पाऊण लिटर. जमिनीवर ओल कुठेही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याने स्वतःची ही वही उस्तादांपुढे ठेवली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षार्थ्याचा भाव होता.

मास्तरांना त्या वहीत एक जुने शास्त्र दिसू लागले. आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, आणि माधवकराच्या माधवनिदान या ग्रंथाची सुरुवातच त्यांच्या विवेचनाने होते. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल. रूप म्हणजे लक्षण. उपशय म्हणजे कशाने आराम पडतो त्याची पारख. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या वाटेने आला त्याचा उलगडा. आजवरच्या कारागिरांनी रूप पाहिले आणि उपशयावर विसंबून राहिले. नवे पाणी भरले, नवा पंप बसवला, प्रत्येक वेळी तुंबलेली सारी व्यवस्था थोडी हलली, थोडी साफ झाली, म्हणून महिनाभर आराम पडला. त्या आरामाने कारण सिद्ध झाले नाही. संप्राप्ती कुणी विचारलीच नव्हती; आणि पूर्वरूप तर फक्त मास्तरांनाच दिसू शकत होते, ज्यांनी ते रोज सकाळी तांब्याने बुजवून टाकले.

उस्तादांनी मग एकेक शक्यता बाद करीत नेली. थंड इंजिनाला झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब दिला. पंधरा मिनिटे काटा हलला नाही. म्हणजे होजपाइप, पंप आणि रेडिएटर थंडपणी तरी शाबूत. तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल दुधाळ नव्हते. स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ एकही नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्रव भरलेली नळी धरून इंजिन चालवले. जळणाचा वायू पाण्यात शिरत असेल, तर हा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. म्हणजे दोनदा बदललेले गॅस्केट दोन्ही वेळा निर्दोष असावे. मग गाडी तासभर फिरवून आणली, थोडी निवल्यावर झाकणावर जाड पोते टाकून उस्तादांनी ते स्वतः टप्प्याटप्प्याने सैल केले, आणि गरम इंजिनावर पुन्हा तसाच दाब दिला. या वेळी काटा सावकाश, पण निःसंशय खाली येऊ लागला.

आता 'कुठे' हा प्रश्न विचारण्याची वेळ आली होती. उस्तादांनी घरातून दाढीचा लहान आरसा आणि बॅटरी आणली. इंजिनाच्या मागच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या आड, जिथे डोळा थेट पोचत नाही, तिथे ब्लॉकच्या ओतीव भिंतीत पत्र्याची एक गोल टोपी ठोकलेली असते. ब्लॉक ओतताना आतल्या वाळूसाठी राहिलेले भोक बुजवायला तिचा उपयोग. कारागीर तिला कोअर प्लग म्हणतात. आरशात त्या टोपीखाली एक रेघ दिसली. वर तांबूस, खाली पांढरी. टोपीला गंजाने टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. थंडपणी तो गंजच त्याला बूच होऊन बसे. इंजिन तापले, दाब वाढला, की पाणी तिथून पाझरे, आणि तापलेल्या लोखंडावर पडताच वाळून जाई. जमिनीपर्यंत थेंब पोचतच नव्हता. मागे राहत होती ती फक्त क्षारांची पांढरी रेघ, एखाद्या आटलेल्या ओढ्यासारखी.

सामान्य कारागीर इथे थांबला असता. टोपी बदलली, काम झाले. उस्तादांनी टोपी काढली आणि आत बोट घातले. बोटाला लागला तो लाल चिखल, आणि चिखलाखाली चुन्याचा कडक थर. सहा सिलिंडरांच्या या लांब ब्लॉकमध्ये पाण्याचा पंप पुढे असतो. मागच्या सिलिंडरांपर्यंत पोचता पोचता प्रवाह मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो. चुन्याच्या थरातून उष्णता ओतीव लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी कमी वाहते. म्हणून मागचे सिलिंडर तापत, तिथले पाणी उकळे, दाब वाढे, टोपीतून पाझरे, पातळी उतरे, गाडी पाणी मागे. थर्मोस्टॅट काढल्यामुळे गावातल्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापतच नसे, आणि रोग शहरात झाकला जाऊन घाटात उघडा पडे.

'इतना चूना कहाँ से आया, मास्साब? पानी कौन सा डालते हैं?' उस्तादांनी विचारले.

पाणी घरचेच. पण घरचे पाणी आता विहिरीचे नव्हते. जबलपूर हे बावन तळ्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. राणीताल, चेरीताल, हाथीताल ही नावे आज वस्त्यांची आहेत. तळी बुजली, मैदाने आणि वसाहती झाल्या, नावे तेवढी पाण्याची राहिली. मास्तरांच्या अंगणातली विहीरही अशीच एका उन्हाळ्यात आटली ती कायमची. मग कूपनलिका खणली. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांनी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात चुनखडकाची वाण नाही, आणि या नव्या, खोलवरच्या पाण्याची जात निराळी होती. मास्तरांच्या पत्नी वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या, 'अहो, या पाण्यात डाळ शिजत नाही. किटलीच्या बुडाशी बघा केवढा पांढरा थर आलाय.' त्या डाळीसाठी नगरपालिकेच्या नळाचे पाणी वेगळे भरून ठेवीत. घरात ही स्वयंपाकघरातली तक्रार मानली गेली. अंगणातल्या गाडीचे निदान चुलीपाशी रोज सांगितले जात होते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

जड पाणी तापले, की त्यातला चुना सुटून भिंतीला धरतो. जे वाफ होऊन जाते, ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात. म्हणून वर घातलेला प्रत्येक तांब्या मागच्या तांब्याच्या चुन्यात आपल्या चुन्याची भर टाकीत होता. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारे द्रव्य नसते. इंजिनासाठी जे कुलंट म्हणून मिळते, त्यात ग्लायकॉलबरोबर अशी द्रव्ये असतात, आणि ते क्षार काढलेल्या पाण्यात मिसळायचे असते. पण गॅरेजच्या बोलीत रेडिएटरमध्ये जे काही असते, ते 'पाणी'. एका कारागिराने मागे कुलंट घातले होते. पातळी उतरल्यावर त्यात घरचे 'पाणी' मिसळत गेले आणि थोड्याच दिवसांत ते नावापुरते उरले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. दोन भिन्न वस्तूंना एकच शब्द पुरवला, की त्यांतला भेद पाहणारी दृष्टीच हळूहळू मंद होते. संस्कृतात पाण्याला किती शब्द आहेत, हे मास्तर मुलांकडून पाठ करून घेत. ते सारे पर्याय एका अर्थाचे, हेही शिकवीत. दोन पाणी एक नसतात, हे शिकवायचे राहून गेले होते.

उस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. निदान सापडल्यावर ते सांगण्याची एक वेगळी अडचण असते, विशेषतः रोगाचे कारण म्हणजे रोग्यावरची मायाच असेल तेव्हा. शेवटी मास्तरच म्हणाले, 'म्हणजे उस्ताद, हे मीच केले.'

उस्तादांनी नाही म्हटले नाही, आणि हा त्यांचा मोठेपणा. ते एवढेच म्हणाले, 'बड़े साहब के टाइम पानी दूसरा था।' मोठ्या साहेबांच्या वेळी पाणी निराळे होते.

त्या वाक्यात मास्तरांना निर्दोष ठरवणे नव्हते आणि दोष देणेही नव्हते. नेम तोच राहिला, तांब्या तोच राहिला, हात बदलला तरी भाव तोच राहिला; ज्याच्यावर सारे अवलंबून होते, ते द्रव्य मात्र कुणाच्या नकळत बदलले. परंपरेचा ऱ्हास तिच्या शत्रूंकडून होतो, असे आपण समजतो. बहुधा तो तिच्या निष्ठावंतांकडून होतो. ते विधी जपतात आणि विहीर आटल्याची नोंद घेत नाहीत. नाना असते तर त्यांनी तांब्या थांबवला असता काय? कदाचित थांबवला असता. ते फिटर होते, आणि किटलीचा थर पाहून त्यांचा हात अडखळला असता. मुलाने वडिलांची कृती घेतली, त्यांची नजर घेतली नाही. कृती वारशाने मिळते. नजर प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. गुरंदी बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून काही भाग मिळाले. ब्लॉकच्या सगळ्या टोप्या काढून नव्या पितळी बसवल्या. थर सोडवणारे द्रावण भरून, इंजिन चालवून, काढून, पुन्हा भरून, ब्लॉक इतक्या वेळा धुतला, की शेवटी बाहेर येणाऱ्या पाण्यात तळहाताची रेषा दिसू लागली. रेडिएटरच्या नळ्यांतून कारागिराने सळ्या फिरवल्या. मास्तरांच्या टेबलाच्या खणात पडून असलेला थर्मोस्टॅट उस्तादांनी पातेल्यातल्या पाण्यात तापमापकाशेजारी धरून तापवला. तो ऐंशी अंशांच्या जरा पुढे नीट उघडला, तेव्हा त्याला त्याच्या जागी परत बसवले. क्षार काढलेले पाणी आणि कुलंट निम्मेनिम्मे भरले. सतरा सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा कारखान्यांच्या या गावात मोठा सण. त्या दिवशी उस्तादांनी इंजिनावर एक फूल ठेवले आणि मजुरी म्हणून वही मागितली. मास्तरांनी ती दिली नाही. नवी वही आणून तीत सारी निरीक्षणे उतरून दिली, आणि मूळ स्वतःकडे ठेवली.

दसऱ्याच्या आठवड्यात गाडी नागपूरला गेली. परतताना कुरईच्या घाटात लेक आणि नातू गाडीत होते. मास्तरांनी पुढे पाहण्याऐवजी काट्याकडेच अधिक पाहिले, असे लेकीने नंतर आईला सांगितले. काटा मध्याशी स्थिर राहिला. ज्या वळणावर हात भाजला होता, तिथे मास्तर थांबले नाहीत. फक्त उजवा हात सुकाणूवरून काढून मांडीवर ठेवला आणि वळण गेल्यावर परत सुकाणूवर नेला. भंगाराचा विषय घरात त्यानंतर कुणी काढला नाही. मुलानेही नाही.

तुळशीला तांब्या अजून रोज मिळतो. गाडीपुढे मास्तर रिकाम्या हाताने उभे राहतात. सुरुवातीला हे त्यांना फार जड गेले. काही न देता पाहत राहणे ही सेवा आहे, यावर मनाचा विश्वास बसायला वेळ लागतो. वही चालू आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात महिनोन्‌महिने एकाखाली एक शून्ये उभी आहेत, आणि मास्तर ती एखादा पाठ वाचावा तशी वाचतात.

मागच्या पावसाळ्याअखेर एका सकाळी त्या रकान्यात शून्य आले नाही. पातळी बोटभर खाली होती. जवळच तुळशीसाठी भरलेला तांब्या होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, आणि तो तुळशीपाशीच राहू दिला. मग ते घरात गेले आणि दाढीचा आरसा घेऊन बाहेर आले.